मद्य आणि ख्रिस्ती पंथ : एका प्रश्नाची तीन उत्तरे



समजा, नाताळच्या सुटीनंतर तुमची शाळकरी मुलगी घरी येऊन विचारते, "अब्बा, माझ्या एका मैत्रिणीच्या घरी नाताळला मोठी माणसे वाइन घेतात. दुसरी मैत्रीणही ख्रिश्चनच आहे. पण तिच्या घरी दारूचे नावसुद्धा काढलेले चालत नाही. मग त्यांच्या धर्मात दारू चालते की नाही?" आपल्यापैकी बहुतेक जण "त्यांच्यात चालते" एवढे बोलून विषय संपवतील. हे उत्तर अर्धवट आहे, आणि अर्धवट असल्यामुळे अन्यायाचेही आहे.

दिव्य कुरआनने ग्रंथधारकांविषयी बोलताना ते सर्व सारखे नाहीत, हे स्पष्ट केले आहे (३:११३). कोणत्याही समाजाविषयीच्या वैरभावामुळे न्यायाची वाट सोडू नका, असाही आदेश श्रद्धावंतांना दिला आहे (५:८). वैरासाठी जर ही ताकीद असेल, तर ज्यांच्याशी आपले वैर नाही, ज्यांच्या शाळांत आपली मुले शिकतात आणि ज्यांच्या रुग्णालयांत आपण उपचार घेतो, त्या शेजाऱ्यांविषयी माहिती न घेता बोलणे आपल्याला कसे शोभेल? म्हणून या पाठात आपण तीन गोष्टी पाहू : ख्रिस्ती पंथांत मद्याविषयी कोणती मते आहेत, ती एकमेकांपासून वेगळी का झाली, आणि त्यातून आपण काय शिकावे.

मतभेदाचे मूळ

बायबल वाचताना मराठी वाचकाची पहिली अडचण भाषेचीच होते. मराठी बायबलात 'द्राक्षारस' हा शब्द वारंवार येतो. आपल्या डोळ्यांसमोर ताज्या द्राक्षांचा रस उभा राहतो. परंतु भाषांतरकारांनी तो शब्द द्राक्षांपासून केलेल्या आंबवलेल्या पेयासाठी, म्हणजे वाइनसाठी योजला आहे. हे ध्यानात ठेवले नाही, तर पुढचा सगळा वाद आपल्याला कळणारच नाही.

त्या ग्रंथात दोन्ही बाजूंनी बोलणारी वचने आढळतात. एकीकडे द्राक्षारस हे देवाचे देणे मानले आहे. योहानाच्या शुभवर्तमानात गालीलातील काना या गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस झाल्याची कथा आहे. पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला आहे. दुसरीकडे नीतिसूत्रांच्या पुस्तकात मद्यपी माणसाच्या दुर्दशेचे कठोर चित्र आहे. पौलानेच इफिस येथील मंडळीला मद्याने धुंद होऊ नका, असे बजावले आहे. उपासनेच्या तंबूत प्रवेश करताना याजकांनी मद्य घेऊ नये, असा नियम जुन्या करारात आहे. नाजीर म्हणून स्वतःला ईश्वराला वाहून घेणाऱ्याला द्राक्षवेलीचे फळही वर्ज्य होते. रेखाबी नावाच्या घराण्याने पूर्वजाच्या आज्ञेखातर पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षारस सोडला होता. आणि बाप्तिस्मा करणारा योहान, ज्यांचा गौरव कुरआन यहया (अ.) या नावाने करतो, ते मद्याला स्पर्श करणार नाहीत, असे लूकच्या शुभवर्तमानात त्यांच्या जन्मापूर्वीच सांगितले आहे.

म्हणजे धुंद होणे वाईट, याविषयी ख्रिस्ती जगतात फारसे दुमत नाही. खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे : दोष धुंदीत आहे की पेल्यात? या एका प्रश्नाला ख्रिस्ती पंथांनी तीन उत्तरे दिली.

पहिले उत्तर : संयम

रोमन कॅथोलिक, पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन आणि ल्यूथरन ही जुनी व मोठी चर्च सर्वसाधारणपणे संयमाच्या बाजूची आहेत. मद्य स्वतः पाप नव्हे, त्याचा अतिरेक पाप आहे, ही त्यांची भूमिका. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठवासी संन्याशांसाठी नियमावली लिहिली. तीत त्यांनी प्रत्येकाला दिवसाला वाइनचे ठरावीक माप दिले. मात्र संन्याशांनी ती मुळीच घेऊ नये हेच बरे, पण आजच्या संन्याशांना ते पटवता येत नाही, अशी कबुलीही त्यांनी तेथेच दिली. आणि ज्याला वर्ज्य करण्याचे बळ लाभले, त्याला त्याचे वेगळे फळ मिळेल, असेही नोंदवले. सोळाव्या शतकातील मार्टिन ल्यूथर यांच्या घरी त्यांची पत्नी काथारिना स्वतः बिअर बनवीत असे; तरीही जर्मनांच्या मद्यासक्तीवर त्यांनी प्रवचनांतून कोरडे ओढले. ऑर्थोडॉक्स परंपरेत कडक उपवासाच्या दिवशी मांस, दूध यांच्याबरोबर वाइनही सोडावी लागते.

पण संयमाच्या या गटातही संपूर्ण त्यागाची चळवळ उभी राहिली, हे आपल्याला सहसा ठाऊक नसते. १८३८ साली आयर्लंडमधील कॉर्क शहरात फादर थिओबाल्ड मॅथ्यू या कॅथोलिक धर्मगुरूने मद्यत्यागाची शपथ देण्यास प्रारंभ केला आणि काही वर्षांतच लाखो लोकांनी ती घेतली. १८९८ साली डब्लिनमध्ये जेझुइट धर्मगुरू जेम्स कलन यांनी 'पायोनियर' या नावाने ओळखली जाणारी संघटना स्थापली. तिचे सदस्य आयुष्यभर मद्य सोडतात आणि हा त्याग व्यसनात बुडालेल्यांच्या सुटकेसाठी प्रार्थना म्हणून अर्पण करतात. ते मद्याला पाप म्हणत नाहीत. दुसऱ्याच्या दुःखापोटी स्वतः सोडतात.

दुसरे उत्तर : स्वेच्छेने वर्जन

अठराव्या शतकात इंग्लंडमधील गोरगरिबांच्या वस्त्या 'जिन' नावाच्या स्वस्त व कडक दारूने पोखरून निघाल्या होत्या. त्या काळात मेथॉडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७४३ साली आपल्या अनुयायांसाठी नियम घातले. त्यांत नशा करणे, कडक दारूची खरेदी-विक्री करणे आणि अत्यंत निकडीखेरीज ती पिणे निषिद्ध ठरवले. वेस्लींचा रोख कडक दारूवर होता. पुढच्या शतकात मात्र मेथॉडिस्टांमध्ये सर्वच मद्य सोडण्याचा विचार बळावला.

त्यांच्या युक्तिवादाचा गाभा पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. माझ्या खाण्यापिण्यामुळे माझा दुर्बळ भाऊ अडखळून पडत असेल, तर ते न घेणेच बरे, असा त्या उपदेशाचा आशय आहे. 'मला पचते' एवढे पुरेसे नाही. माझ्या पेल्याकडे पाहून कोण पिऊ लागेल, हाही प्रश्न आहे.

१८६५ साली लंडनच्या पूर्व भागातील दरिद्री वस्तीत विल्यम व कॅथरीन बूथ या दांपत्याने सुरू केलेले कार्य पुढे 'सॅल्व्हेशन आर्मी' म्हणून जगभर पसरले. मराठी माणूस तिला 'मुक्तिफौज' म्हणून ओळखतो. १८८२ साली मुंबईत तिचे हिंदुस्थानातील काम सुरू झाले. मुक्तिफौजेचा 'सैनिक' होणाऱ्याला मद्य, तंबाखू व जुगार सोडण्याच्या करारावर सही करावी लागते.

तिसरे उत्तर : निषेध

काही पंथ याहून पुढे गेले. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट हे चर्च १८६३ साली अमेरिकेत स्थापन झाले. पुण्यातील स्पायसर ही त्यांचीच जुनी शिक्षणसंस्था. शरीर हे ईश्वराचे मंदिर आहे, म्हणून त्यात नशा आणणारे काहीही घालू नये, अशी त्यांची शिकवण आहे. बायबलात ज्या द्राक्षारसाची प्रशंसा आहे तो न आंबवलेला रस होता आणि ज्याची निंदा आहे ते मद्य होते, असे या गटातील अनेक विद्वान मानतात. संयमवादी पंथांच्या विद्वानांना हा अर्थ मान्य नाही. अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट चर्चने २००६ साली मद्य बनवणे, त्याची जाहिरात करणे, ते वितरित करणे आणि पिणे या सर्वांना संपूर्ण विरोध करणारा ठराव केला. अनेक पेंटेकॉस्टल मंडळ्यांतही मद्य वर्ज्य आहे. ज्यांना मॉर्मन म्हणतात, त्यांच्याकडे १८३३ सालापासून मद्यापासून दूर राहण्याची शिकवण आहे. इतर बरेच ख्रिस्ती मात्र त्यांना आपल्यात गणत नाहीत.

आजच्या महाराष्ट्रात हे प्रवाह शेजारीशेजारी नांदतात. १९७० साली नागपुरात 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले, तेव्हा अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथॉडिस्टांचा एक गट आणि इतर काही मंडळ्या त्यात एकत्र आल्या. म्हणजे वेगवेगळ्या परंपरांत वाढलेली घराणी एकाच चर्चमध्ये उपासना करू लागली. तेव्हा तुमच्या मुलीच्या दोन्ही मैत्रिणी खरेच सांगत आहेत.

प्रभुभोजनाचा पेला

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. चर्चमध्ये 'दारू वाटतात' असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. ख्रिस्ती श्रद्धेनुसार हजरत ईसा (अ.) यांनी शिष्यांसोबत घेतलेल्या अखेरच्या भोजनाच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस यांचा विधी केला जातो. कॅथोलिक धर्मविधीसाठी द्राक्षांपासून नैसर्गिकपणे झालेली वाइनच लागते. पण तेथे सामान्य भाविकाला केवळ भाकर घेतली तरी विधी पूर्ण झाला असे मानले जाते; त्यामुळे एखादा कॅथोलिक वाइनचा थेंबही न घेता आयुष्यभर या विधीत सहभागी होऊ शकतो. ज्या धर्मगुरूंना मद्य चालत नाही, त्यांना वरिष्ठांच्या परवानगीने, आंबणे नुकतेच सुरू होऊन थांबवलेला रस वापरता येतो.

मद्य वर्ज्य मानणाऱ्यांपुढे येथे पेच होता. द्राक्षांचा रस काढून ठेवला की तो आपोआप आंबू लागतो. १८६९ साली अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात थॉमस वेल्च या मेथॉडिस्ट दंतवैद्याने फ्रान्सच्या लुई पाश्चर यांची उष्णता देण्याची पद्धत वापरून रस बाटलीत न आंबता टिकवून दाखवला. हेतू एवढाच, की प्रभुभोजनाच्या पेल्यातूनही मद्य जावे. आज जगभर विकल्या जाणाऱ्या बाटलीबंद द्राक्षरसाच्या धंद्याचा उगम या धार्मिक तळमळीत आहे. मुक्तिफौज तर हा विधीच करत नाही आणि मॉर्मन लोक पाणी वापरतात.

कायदा आला आणि गेला

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत मद्यविरोधी चळवळीने जोर धरला. १८७४ साली स्थापन झालेल्या ख्रिस्ती महिलांच्या मद्यनिषेध संघाने घराघरांत जाऊन जागृती केली. दारूचा मार सर्वांत आधी बाईच्या पाठीवर आणि मुलांच्या पोटावर बसतो, हे त्या भगिनींनी ओळखले होते. अखेर १७ जानेवारी १९२० पासून राज्यघटनेतील दुरुस्तीने देशभर मद्याचे उत्पादन, विक्री व वाहतूक यांवर बंदी आली. धार्मिक विधीच्या वाइनला सूट होती. मेथॉडिस्ट व बॅप्टिस्ट बंदीच्या बाजूने उभे होते. कॅथोलिक व जर्मन वंशाचे ल्यूथरन बहुतांशी विरोधात होते. सुरुवातीला मद्यपान बरेच घटले, हे मान्य केले पाहिजे. पण चोरटी दारू, गुंडांच्या टोळ्या आणि लाचखोरी यांनी कायद्याला पोखरले. आणि ५ डिसेंबर १९३३ रोजी ती दुरुस्ती रद्द झाली. अर्धा समाज ज्याला पाप मानत होता, त्याला उरलेला अर्धा समाज फार तर अतिरेक झाल्यास वाईट समजत होता. मने एक नव्हती.

इस्लामने दिलेले उत्तर

आता मदिनेकडे वळू. अरबांच्या जीवनात मद्य खोलवर भिनलेले होते. अल्लाहने ते एका आदेशात नव्हे, तर पायरी-पायरीने उपटले. प्रथम सांगितले गेले, की मद्य व जुगार यांत काही लाभ असले तरी त्यांचे पाप लाभाहून मोठे आहे (२:२१९). मग नशेच्या स्थितीत नमाजजवळ जाऊ नका, असा आदेश आला (४:४३). पाच वेळची नमाज पाळणाऱ्याला नशेसाठी मोकळा वेळ फारसा उरला नाही. अखेर मद्य हे सैतानी अमंगल कृत्य असून त्यापासून दूर राहा, असा निर्णायक आदेश आला, आणि त्याचे कारणही सांगितले : सैतान याद्वारे तुमच्यात वैर व द्वेष पेरू इच्छितो आणि तुम्हाला अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून रोखू इच्छितो (५:९०-९१). माननीय अनस (रजि.) त्या वेळी अबू तल्हा (रजि.) यांच्या घरी पाहुण्यांना मद्य वाढत होते. बाहेर पुकारा ऐकू आला आणि त्यांना ते ओतून देण्यास सांगण्यात आले. मदिनेच्या गल्ल्यांतून मद्य वाहिले. ना धाड, ना झडती.

माननीय आयेशा (रजि.) यांनी याचे मर्म सांगितले आहे. पहिल्याच दिवशी मद्यबंदीचा आदेश आला असता, तर लोकांनी ते सोडण्यास नकार दिला असता. म्हणून आधी स्वर्ग-नरकाच्या वर्णनाने अंतःकरणे वळवली गेली. आणि 'दोष धुंदीत की पेल्यात' या प्रश्नाचे उत्तर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी निःसंदिग्ध दिले : ज्याचे जास्त प्रमाण नशा आणते, त्याचे अल्प प्रमाणही हराम आहे. सुरुवातीच्या काळात कूफा येथील काही धर्मशास्त्रज्ञांत द्राक्षाखेरीज इतर वस्तूंच्या पेयांविषयी बारीक चर्चा झाली खरी, परंतु हनफी विद्वानांनीही पुढे इमाम मुहम्मद (रह.) यांच्या मतानुसार अल्प प्रमाणही निषिद्ध असल्याचा निर्वाळा दिला.

येथे पैगंबरांविषयी एक खबरदारी घ्यावी. वादाच्या भरात कोणी काना येथील कथेवरून हजरत ईसा (अ.) यांच्याविषयी अनुदार उद्गार काढू नयेत. ते अल्लाहचे थोर पैगंबर आहेत. स्वतः आपल्या उम्मतीतही प्रारंभी मद्य निषिद्ध नव्हते. आपल्यासाठी प्रमाण आहे तो अखेरचा, पूर्ण झालेला आदेश.

आपण काय शिकावे?

पहिली गोष्ट न्यायाची. यापुढे कोणी विचारले, तर सांगा : त्यांच्यात बरेच लोक मर्यादेत पिणे मान्य करतात, बरेच जण मुळीच पीत नाहीत, आणि नशेला त्यांच्या सर्वच मोठ्या पंथांत पाप मानतात.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. शेजाऱ्याच्या सणाचे आमंत्रण आले, तर संबंध तोडू नका आणि संकोचही करू नका. ज्या पंगतीत मद्य फिरते तेथे बसू नये, अशी हदीस आहे. तेव्हा मेजवानीच्या वेळी न जाता दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना घेऊन भेटायला जा. नाताळच्या केकमधील सुका मेवा पुष्कळदा रममध्ये भिजवलेला असतो; घेण्यापूर्वी नम्रपणे विचारा. चांगला शेजारी अशा प्रश्नाने दुखावत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे, कारण ती आपल्या घरातली आहे. ज्यांच्या ग्रंथात स्पष्ट मनाई नाही अशा कितीतरी लोकांनी केवळ दुर्बळ भावाच्या काळजीने पेला खाली ठेवला. आपल्याकडे तर स्पष्ट मनाई आहे. मग आपल्या मोहल्ल्यातली मुले रात्री कट्ट्यावर काय घेत आहेत? गोळ्या, खोकल्याचे औषध, गांजा; 'ही काही दारू नव्हे' असे म्हणून जे जे सुरू आहे, ते सर्व नशेच्याच हुकुमात मोडते. स्पष्ट आदेश हाती असणे ही मिरवण्याची गोष्ट नाही. त्याचा जाब अधिक कडक असणार आहे.

आणि जो घसरला, त्याचे आपण काय करतो? बहुधा लपवतो. लोक काय म्हणतील, मुलीचे लग्न कसे होईल, या भीतीने बाई मार खाऊन गप्प राहते. किंवा त्या माणसाला शिव्याशाप देऊन मशिदीच्या दारापासूनही दूर करतो. प्रेषित (स.) यांच्या काळी एका माणसाला मद्यपानाच्या गुन्ह्यासाठी वारंवार आणले जाई. त्याला शिक्षा होत असे. एकदा कोणी त्याला शाप दिला, तेव्हा प्रेषितांनी अडवले आणि हा अल्लाहवर व त्याच्या प्रेषितावर प्रेम करतो, अशी ग्वाही दिली. पाप ते पापच राहिले, शिक्षाही टळली नाही. पण माणूस आपलाच राहिला.

१९३५ साली अमेरिकेत एका ख्रिस्ती चळवळीच्या प्रभावातून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' हा व्यसनमुक्तांचा गट सुरू झाला. आज त्याच्या सभांत सर्व धर्मांचे लोक बसतात आणि महाराष्ट्रातही त्या भरतात. आपल्या घरातील कोणी तेथे जाऊन सावरत असेल, तर त्याला रोखू नका, सोबत जा. त्याबरोबरच असे दार आपल्या मशिदीच्या आवारातही का उघडू नये, याचा विचार करा. जुम्याच्या नमाजनंतर मोहल्ल्यातील दोन जाणत्या माणसांनी तासभर बसावे, व्यसनी मुलाच्या आईला बोलावे, डॉक्टरांकडे नेण्याची व्यवस्था करावी. एवढ्याने सुरुवात होते.

मुलीला आता काय उत्तर द्याल? तिला सांगा : "बेटा, तुझ्या दोन्ही मैत्रिणी खरे बोलतात. त्यांच्यात यावर मतभेद आहेत. आपल्याला मात्र अल्लाहने स्वच्छ सांगून टाकले आहे. म्हणून आपण घेत नाही, आणि जो घेतो त्याचा तिरस्कार न करता त्याला बाहेर काढायला धावतो." या वाक्याचा दुसरा भाग आपण आचरणात आणला, तरच पहिला भाग तिला पटेल.

हे अल्लाह, आमची घरे नशेपासून सुरक्षित ठेव, जे अडकले आहेत त्यांना सुटका दे, आणि त्यांचा हात धरण्याचे बळ आम्हाला दे. आमीन.